दोन गांवांची वेळ, एक घड्याळ



गेल्या दिवाळींत माझा भाचा मस्कतहून रजेवर कडेगांवीं आला, तेव्हां त्याच्या मनगटावर एक भारदस्त घड्याळ होतें. काळी तबकडी, तिच्याभोंवतीं अर्धी निळी व अर्धी तांबडी अशी फिरती कडी, कडीवर दोन, चार, सहा असे बावीसपर्यंत आंकडे आणि माथ्यावर चोवीसच्या जागीं एक त्रिकोण. नेहमींच्या तीन कांट्यांखेरीज टोंकाला बाण असलेला एक चौथा तांबडा कांटाहि त्यांत होता. असें घड्याळ एकाच वेळीं दोन देशांची वेळ दाखवितें अशी त्याची ख्याति आहे. दुबईच्या एका गल्लींतून त्यानें ती प्रतिकृति घेतली होती. घड्याळ माझ्या हातांत देत तो म्हणाला, "मामा, दुकानदारानं सांगितलं, दोन टायम दावतंय म्हणून. पण ह्यो तांबडा काटा तासकाट्याच्या मागनंच फिरतोय. त्याला येगळा लावायला जातच न्हाई. ह्यात दुसरी मशीन बसंल का? आन् बसंल तर कंची?"

प्रश्न वरवर पाहतां शौकाचा दिसतो. परंतु त्या घरांत तो शौकाचा नव्हता. भाच्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, कडेगांवीं एकटी असते. तिच्याजवळ बटणांचा जुना फोन आहे. त्यांत मस्कतची वेळ कांहीं दिसत नाहीं. 'तिकडं दीड तासाचा फरक हाय' एवढें तिला पाठ आहे. पण तो दीड तास मिळवावयाचा कीं वजा करावयाचा, याचा घोंटाळा आक्काच्या मनांत कायमचा बसला आहे. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं साडेअकराच्या सुमारास तिला घेरी आली. मुलाला फोन करावा असें मनांत आलें, परंतु तिनें दीड तास मिळविला, तिकडे रात्रीचा एक वाजला असेल असें ठरविलें आणि झोंपलेल्या पोराला कशाला उठवायचें म्हणून सकाळपर्यंत तशीच पडून राहिली. वस्तुतः मस्कतमध्यें तेव्हां दहाच वाजले होते आणि भाचा जेवण करून बसला होता. सकाळीं शेजारणीनें पाहिलें म्हणून बरें झालें. तेव्हां दोन वेळा दाखविणारें घड्याळ खरोखर कोणत्या मनगटावर हवें, हा प्रश्न मला भाच्याच्या प्रश्नाहून आधींचा वाटला. पण क्रमानें जाऊं.

घड्याळाच्या पेटीच्या आंत जें यंत्र असतें त्याला आपल्याकडील कारागीर सरळ 'मशीन' म्हणतात; मीहि तसेंच म्हणतों. कोणत्याहि मशीनमध्यें मिनिटकांट्याचें चक्र बारा वेळां फिरलें कीं तासकांटा एकदां फिरतो. चोवीस तासांचा कांटा बसविणें हें त्यापुढें मुळींच कठीण नाहीं. तासचक्राच्या दोन फेऱ्यांत जें एकदांच फिरेल असें आणखी एक दांतेरी चक्र घातलें कीं काम झालें. हा चौथा कांटा दिवस आणि रात्र वेगळीं दाखवितो. सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा यांत त्याचा गोंधळ होत नाहीं. खरी मेख पुढें आहे. हें चक्र तासचक्राला कायमचें जखडलेलें आहे, कीं त्याला स्वतंत्रपणें सरकावतां येतें? दोन वेळांच्या घड्याळाची सगळी परीक्षा या एका प्रश्नांत सांठलेली आहे. स्वतंत्र सरकण्यासाठीं मशीनमध्यें तारकेसारखें दांते असलेलें एक चक्र आणि त्या दांत्यांवर दाबून बसलेली बारीक कमान असते. चावी एका विवक्षित टप्प्यापर्यंत ओढून फिरविली कीं कमान एका दांत्यावरून पुढच्या दांत्यावर उडी घेते आणि कांटा बरोबर एक तास सरकतो. मिनिटें व सेकंद यांना धक्का लागत नाहीं.

भाच्याच्या घड्याळांत ही कमान नव्हती. चौथा कांटा नुसता जखडलेला. दुकानदारानें त्याला फसविलें हें खरें. पण यांत एक गंमत आहे. ज्या घड्याळाची ती नक्कल होती, त्याच्या पहिल्या आवृत्तीचा कांटा असाच जखडलेला होता. लांब पल्ल्याचीं प्रवासी विमानें महासागर ओलांडूं लागलीं तेव्हां वैमानिकांना ग्रीनिचची वेळ आणि मुक्कामाच्या गांवाची वेळ अशा दोहोंची एकदम गरज भासूं लागली. १९५३ मध्यें ग्लायसिन या स्विस कारखान्यानें 'एअरमन' नांवाचें चोवीस तासांच्या तबकडीचें घड्याळ काढलें. पुढें एक-दोन वर्षांतच पॅन अमेरिकन या विमान-कंपनीच्या वैमानिकांसाठीं रोलेक्सनें 'जी. एम्. टी. मास्टर' तयार केलें. निळ्या-तांबड्या कडीची जी शैली आज जगभर नकलली जाते, ती याचीच. त्यांत चौथा कांटा तासकांट्याबरोबरच चाले; दुसरी वेळ मिळे ती कडी फिरवून. कांटा तोच, पण कडीवरील आंकडे जेवढे तास सरकवावेत तेवढ्या तासांनीं वाचन बदले. तासकांटा स्वतंत्रपणें सरकविण्याची सोय त्या घराण्यांत बरीच पुढें आली. म्हणजे भाच्याला विकणाऱ्यानें अजाणतेपणीं जुन्या नमुन्याशीं प्रामाणिकपणा राखला होता म्हणावयाचा!

आतां मशीन निवडावयाची तर तिच्या दोन जाति ध्यानांत घेतल्या पाहिजेत. घड्याळांच्या शौकिनांत यांना इंग्रजी नांवें आहेत. आपण एकीला प्रवाशाची मशीन आणि दुसरीला घरबशाची मशीन म्हणूं. प्रवाशाच्या मशीनमध्यें नेहमींचा तासकांटा एकेक तासानें उड्या घेतो आणि चौथा कांटा घरच्या वेळेवर अढळ राहतो. विमानांतून उतरलें, चावी ओढली, तासकांटा दोन घरें मागें घेतला, कीं झालें. तारीखहि त्याबरोबर मागें-पुढें होते. घरबशाच्या मशीनमध्यें नेमकें उलट. तासकांटा आपल्या गांवाला बांधलेला, आणि चौथा कांटा मात्र चावी एका बाजूस फिरविली कीं तासातासानें सरकतो. दुसऱ्या बाजूस फिरविली कीं तारीख बदलते. जो माणूस वर्षांतून एकदांच विमानांत बसतो, पण रोज परगांवच्या माणसाची वेळ पाहतो, त्याला ही दुसरी जात उपयोगाची. शौकीन मंडळींत पहिल्या जातीला 'खरी' आणि दुसरीला जणूं दुय्यम लेखण्याची रीत पडली आहे. मला ती पटत नाहीं. प्रवाशाच्या मशीनमध्यें तारीख वेगळी लावतां येत नाहीं. घड्याळ चार दिवस पेटींत बंद पडून राहिलें, तर तासकांटा प्रत्येक दिवसासाठीं दोन दोन फेरे फिरवावा तेव्हां तारीख जुळते. कडेगांवांत बसलेल्या माणसानें हा खटाटोप कशासाठीं करावा?

येथवर सर्व सोपें आहे. परंतु हीं मशिनें स्वित्झर्लंड, जपान आणि चीन या देशांत आंखलीं गेलीं आणि तिन्ही देशांची वेळ ग्रीनिचपासून पूर्ण तासांच्या अंतरावर आहे. आपली नाहीं. मिर्झापूरजवळून जाणारें साडेब्यायशीं अंशांचें रेखावृत्त आपण प्रमाण मानतों. पंधरा अंशांस एक तास या हिशेबानें तें ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें येतें. त्या अर्ध्या तासामुळें सगळा घोंटाळा होतो. मस्कत व दुबई आपल्या दीड तास मागें. रियाध, कुवेत व दोहा अडीच तास मागें. सिंगापूर अडीच तास पुढें. लंडन हिंवाळ्यांत साडेपांच आणि उन्हाळ्यांत साडेचार तास मागें. जेथें जेथें आपलीं माणसें पोटासाठीं गेलीं आहेत, तेथें तेथें हा अर्धा तास बरोबर गेला आहे. आणि मशीनची कमान तर उडी घेते ती पूर्ण तासाचीच. कडेगांवीं नऊ वाजले असतां मस्कतमध्यें साडेसात होतात; पण चौथा कांटा एक तर सातावर थांबेल किंवा आठावर. मधल्या जागीं थांबणें त्याच्या स्वभावांतच नाहीं. भाच्याला ही अडचण कोणीं सांगितली नव्हती, आणि सांगणार तरी कोण?

लंडनपुरती एक जुनी युक्ति आपल्या लोकांत आहे. मनगटावरील साधें घड्याळ उलटें धरून वाचावें. नऊ वाजले असतां घड्याळ उलटें धरा, मिनिटकांटा सहाच्या जागीं आणि तासकांटा तिनाच्या जागीं दिसतो, साडेतीन. ग्रीनिचला तेव्हां साडेतीनच वाजलेले असतात. अर्ध्या वर्तुळाच्या फिरण्यानें तासकांटा सहा घरें व मिनिटकांटा तीस मिनिटें सरकतो, त्याचा हा परिणाम. मात्र तासकांटा त्यांत अर्धें घर मागेंच असतो आणि लंडनच्या उन्हाळी वेळेला ही युक्ति एका तासानें चुकते. मस्कतसाठीं तर तिचा उपयोगच नाहीं.

आपल्या प्रांताला दोन वेळांचा हा जाच नवा नाहीं, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईनें आपली जुनी वेळ सोडण्याचें नाकारलें. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें, म्हणजे प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटें मागें. आगगाडी एका वेळेनें सुटे आणि नगरपालिकेचें घड्याळ दुसरीच वेळ दाखवी. असें १९५५ पर्यंत चाललें. एकोणचाळीस मिनिटांच्या अंतराला चोवीस तासांचा कांटा काय करणार? अशा विषम अंतराला खरा उपाय एकच, तो म्हणजे दुसरा मिनिटकांटा. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरांत धान्यबाजाराच्या इमारतीवर असें घड्याळ आजहि आहे. तेथील स्थानिक वेळ लंडनच्या दहा मिनिटें मागें असल्यामुळें त्याला दोन मिनिटकांटे बसविलेले आहेत. एक लंडनचा, एक ब्रिस्टलचा.

आणि सूर्याची वेळ म्हणाल तर कडेगांवहि प्रमाणवेळेशीं जुळत नाहीं. गांवाचें रेखांश सव्वाचौऱ्याहत्तरांच्या थोडें पुढें. त्यामुळें डोंगराईच्या माथ्यावर सूर्य सरासरीनें साडेबारा वाजून गेल्यावर, म्हणजे सुमारें तेहतीस मिनिटें उशिरां, मध्यान्हीं येतो. त्यांतहि ऋतुमानानें फरक पडतो. नोव्हेंबरच्या आरंभीं तो सव्वाबाराच्या पुढें लगेच माथ्यावर असतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएक होऊन जातो. वडीलधारीं माणसें अंगणांतील सांवलीवरून बारा वाजल्याचें सांगत आणि घरांतलें घड्याळ त्यांना खोटें पाडी, त्याचें कारण हेंच. दोघेहि आपापल्या परीनें खरेच होते.

असो. अर्ध्या तासाच्या अडचणीवर उपाय मला सुचला नाहीं. तो कराडच्या एका वृद्ध घड्याळजींनीं सांगितला. त्यांचें शिक्षण एच्. एम्. टी. च्या 'जनता' घड्याळावर झालेलें. बंगलोरला १९६१ सालीं जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानें घड्याळांचा सरकारी कारखाना निघाला आणि त्या चावीच्या सतरा खड्यांच्या घड्याळांनीं आपल्या दोन पिढ्यांना वेळ शिकविली. २०१६ मध्यें सरकारनें तो व्यवसाय बंद केला. कारागीर मात्र शिल्लक आहेत. भाच्याचा प्रश्न ऐकून घेऊन ते हंसले आणि म्हणाले, "अहो, काटा काय खिळ्यानं ठोकलेला असतो होय? तो नुसता दाबून बसवलेला असतो. बसवतानाच अर्धं घर तिरका बसवायचा."

किती साधी गोष्ट! कमान एक तासाची उडी घेते, हें खरें. पण उडी कोठून सुरू व्हावी हें कमान ठरवीत नाहीं, कांटा बसविणारा ठरवितो. नऊचे ठोके पडत असतां कांटा सात आणि आठ यांच्या बरोबर मध्यें दाबून बसविला, तर पुढें तो प्रत्येक उडीनंतर असाच अर्ध्या घरावर थांबेल. साडेनऊ वाजले कीं तो नेमका आठावर येईल. मस्कतमध्यें तेव्हां आठच वाजलेले असतात. चोवीस तासांच्या तबकडीवर एक तास म्हणजे पंधरा अंश. त्याचे निम्मे साडेसात अंश. एवढा तिरकेपणा डोळ्यांनीं सहज साधतो. असें घड्याळ कडेगांवच्या वेळेवर लावलें असतां मस्कत, रियाध, लंडन, सिंगापूर या सर्वांना चालतें. कारण या सर्वांशीं आपलें अंतर अर्ध्या तासाचें शेंपूट घेऊनच येतें. मस्कतच्या वेळेवर लावून तांबड्या कांट्यानें कडेगांव पाहिलें तरी तें चालतें. मिनिटें वाचतांना मात्र मिनिटकांट्यांत तीस मिळवावीं लागतात, एवढें मनानें करावें. मर्यादाहि सांगतों. हें घड्याळ मस्कत व लंडन अशा दोन परदेशी गांवांना निरुपयोगी आहे, कारण तेथें अर्ध्या तासाचा फरक नाहीं. आणि नेपाळची वेळ आपल्यापुढें पंधराच मिनिटें असल्यामुळें काठमांडूच्या कामाचेंहि तें नाहीं.

फिरत्या कडीनेंहि हा अर्धा तास साधतो, पण कडी कशी फिरते हें पाहावें. जुन्या नमुन्यांची कडी नुसत्या घर्षणानें, कोठेंहि न अडतां फिरे. तिला साडेसात अंशांवर उभी करणें कठीण नव्हतें. हल्लींच्या बहुतेक कड्या खटके घेत फिरतात. चोवीस खटक्यांची असेल तर ती पूर्ण तासावरच थांबणार. एकशेंवीस खटक्यांची असेल तर प्रत्येक खटका तीन अंशांचा, आणि तीन-तीन करीत गेलें तर साडेसात येतच नाहींत. सहा येतात किंवा नऊ. अठ्ठेचाळीस खटक्यांची कडी मात्र बरोबर अर्ध्या तासावर बसते. घेतांना खटके मोजावे. भाच्याच्या घड्याळाचे मोजले, ते चोवीस निघाले.

आतां प्रत्यक्ष मशिनें. स्विस मशिनांत 'ईटा २८९३-२' ही घरबशाच्या जातीची जुनी व नांवाजलेली मशीन. जाडी ४.१ मिलीमीटर, ताशीं २८,८०० ठोके, पूर्ण चावीवर सुमारें ४२ तास चाल. ईटानें बाहेरच्या लोकांस मशिनें देण्याचें कमी केल्यावर तिच्याच वळणाची सेलिटाची 'एस्. डब्ल्यू. ३३०' पुढें आली. दोन्ही उत्तम, पण किंमत आपल्या कामाला झेपणारी नव्हे. जपानच्या सायकोची 'एन्. एच्. ३४' ही २०२२ पासून मिळूं लागलेली मशीनहि घरबशाचीच आहे. ताशीं २१,६०० ठोके, चोवीस खडे, ४१ तासांची चाल. दिवसाला वीस सेकंद मागें ते चाळीस सेकंद पुढें एवढी चूक कारखानाच मान्य करतो, प्रत्यक्षांत बहुधा कमी असते. जाडी मात्र सव्वापांच मिलीमीटरांच्या वर. पातळ पेटींत ती जात नाहीं. त्याच सुमारास सिटिझनच्या मियोटा शाखेनें '९०७५' ही प्रवाशाच्या जातीची मशीन काढली, ठोके २८,८००. खरा फिरस्ता असेल त्यानें ही घ्यावी. याखेरीज चीनमधील कांहीं कारखाने रोलेक्सच्या मशिनची हुबेहुब नक्कल करतात. कांट्यांची उतरंड, म्हणजे तासकांटा खालीं कीं चौथा कांटा खालीं, हीसुद्धां ते जुळवितात. नकलेचा नाद असलेल्यांना याचें फार अप्रूप. माझें मत याच्या उलट आहे. त्या मशिनचा एक दांता झिजला तर कराडांत, विट्यांत किंवा सांगलींत त्याचा सुटा भाग मिळावयाचा नाहीं. सायकोची मशीन बिघडली तर कारागीर ती सरळ काढून दुसरी बसवितो, आणि बहुधा दुरुस्तीपेक्षां तेंच स्वस्त पडतें.

निवडीच्या वेळीं एक क्रम मात्र चुकवूं नये. लोक आधीं पेटी आणि तबकडी आणतात व मग तींत बसेल अशी मशीन शोधूं लागतात. तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात. ते मशीनच्या भोंकांत बसावे लागतात, आणि प्रत्येक मशीनचीं भोंकें वेगळीं. कांट्यांच्या छिद्रांचीं मापें वेगळीं, चावीच्या दांडीची उंची वेगळी, तारखेच्या खिडकीची जागाहि वेगळी. म्हणून मशीन आधीं ठरवावी आणि बाकीचें सर्व तिच्या मापानें घ्यावें. भाच्याच्या पेटीची खोली आम्हीं मोजली. तींत सायकोची मशीन बसत नव्हती. पातळ स्विस मशीन बसली असती, पण तिची किंमत त्या सबंध घड्याळाच्या कित्येक पट झाली असती. पितळेच्या अंगठींत हिरा बसविण्यासारखाच तो प्रकार.

शिवाय त्या तबकडीवर मूळ कारखान्याचें नांव व मुकुट छापलेला होता. याविषयीं मीं भाच्याशीं स्पष्ट बोललों. खानापूर, आटपाडी, कडेगांव या भागांतील गलाईवाले देशभर सोनें-चांदी गाळण्याचा धंदा करतात. माझ्या भाच्याचे चुलतेहि त्याच धंद्यांत. सोन्याचा कस किती हें विचारल्यावांचून त्यांच्या घरांत दागिना हातांत घेतला जात नाहीं. अशा घरांतल्या मुलानें दुसऱ्याच्या नांवाचा खोटा छाप मनगटावर मिरवावा हें मला बरें वाटलें नाहीं, आणि तसें मीं म्हटलें. कायद्याचेंहि सांगतों. १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याप्रमाणें खोटें चिन्ह लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षें कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आणि अशी वस्तु परदेशांतून येतांना जकात-अधिकारी ती अडवूं शकतात. घाट घेण्यास मात्र कोणाची हरकत नाहीं. निळी-तांबडी कडी, चौथा कांटा, चोवीस आंकडे हें सर्व घेऊन तबकडी कोरी ठेवली, तर ती जुन्या नमुन्याची प्रामाणिक प्रतिकृति होते. कोणाची फसवणूक होत नाहीं.

सेलचें घड्याळ कां नको, असें कोणी विचारील. नको असें मुळींच नाहीं. सेलवर चालणाऱ्या मशिनांतहि चौथ्या कांट्याचीं मशिनें मिळतात. रोंडा या स्विस कारखान्याची '५१५.२४ एच्.' ही तशीच. तिची चूक महिन्याला दहा-वीस सेकंदांची, आणि अर्धें घर तिरका कांटा बसविण्याची युक्ति तिलाहि लागू. एकाच पेटींत दोन लहान स्वतंत्र मशिनें व दोन छोट्या तबकड्या असलेलीं घड्याळेंहि असतात. त्यांना कसलेंच अंतर वर्ज्य नाहीं, मुंबईच्या जुन्या वेळेचीं एकोणचाळीस मिनिटेंसुद्धां तीं बिनतक्रार दाखवितील. शुद्ध उपयोगाच्या दृष्टीनें मीं हींच सुचविलीं असतीं. पण आक्काच्या चष्म्याला त्या छोट्या तबकड्यांवरचे कांटे दिसेनात, आणि सेल संपला कीं घड्याळ बदलून आणणार कोण, हाहि प्रश्न होताच. हाताच्या हालचालीनें आपोआप चावी भरणारें घड्याळ रोज भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या हातांवर कधीं थांबत नाहीं, हें घड्याळजींचें म्हणणें तिला लगेच पटलें.

शेवटीं ठरलें तें असें. भाच्यानें आपली चकाकती प्रतिकृति पेटींत ठेवून दिली. सायकोची एन्. एच्. ३४ मशीन मागविली, तिच्या मापाची खोल पेटी, अठ्ठेचाळीस खटक्यांची कडी आणि नांव नसलेली पांढरी तबकडी. पांढरी अशासाठीं कीं तिच्यावर तांबडा कांटा दुरून दिसतो. घड्याळजींनीं कांटा बसवितांना भिंग डोळ्याला लावलें, नऊ वाजेपर्यंत मुख्य कांटे आणले, तांबडा कांटा चिमट्यांत धरून सात-आठांच्या मध्यें टेकविला, मागें सरून पाहिलें, पुन्हां काढला, केसभर हलविला आणि मग दाबला. नंतर चावी फिरवून बारा उड्या घेऊन पाहिल्या; प्रत्येक वेळीं तो अर्ध्या घरावरच थांबला. बसविण्याची मजुरी त्यांनीं घेतली नाहीं. भाच्यानें पुढल्या वेळीं मस्कतहून खजूर आणावा म्हणाले.

घड्याळ भाच्याच्या मनगटावर गेलें नाहीं, आक्काच्या गेलें. तिला आंकडे वाचावयास सांगण्यांत अर्थ नव्हता. भाच्याची पाळी संध्याकाळीं सहाला सुटते. चोवीस तासांच्या तबकडीवर अठरा हा आंकडा डावीकडे, आपल्या नेहमींच्या नवाच्या जागीं येतो. तेव्हां इकडे साडेसात वाजलेले असतात. तांबडा कांटा डावीकडे आडवा झोपला कीं पोरगं मोकळं, आणि तो सरळ वर उभा राहीपर्यंत तिकडे मध्यरात्र झालेली नसते, एवढेंच तिला समजावून सांगितलें. परवां कडेगांवीं गेलों होतों. दिवे लागणीच्या वेळीं आक्का ओट्यावर बसली होती आणि बांगड्या मागें सारून मनगटाकडे पाहत होती. मीं विचारलें, "किती वाजले गं?"

ती म्हणाली, "आजून आडवा झाला न्हाई. थांब जरा."